बाळाच्या अल्बमआधी आई-बापाची चिकटवही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आखाजी, म्हणजे खान्देशातली अक्षय्य तृतीया, तोंडावर आली आहे. सुरत, नाशिक, पुण्याकडे दिलेल्या लेकी चार दिवस माहेरी येतील, निंबाला झोके बांधले जातील, आणि ऊन असे असेल की दुपारभर घरातच बसणे होईल. त्या दुपारींत एक काम उरकून घ्यावे, एवढे सांगण्यासाठी हे पत्र. स्वतःच्या लहानपणाची आणि आई-बाप होण्याआधीच्या दिवसांची चिकटवही करावी. निदान तिचे साहित्य तरी एका जागी आणावे.

बाळाच्या पहिल्या वर्षाचा अल्बम आता लहान गावांतही होतो. पायाचे ठसे, जावळ, दर महिन्याचा फोटो, सगळे हौसेने केले जाते आणि ते चांगलेच आहे. पण त्याच बाळाच्या आईचे प्रगतिपुस्तक, स्नेहसंमेलनातला फोटो, मैत्रिणींची आंतरदेशीय पत्रे, कबड्डीचे प्रमाणपत्र हे सगळे माहेरच्या माळ्यावर पत्र्याच्या पेटीत पडलेले असते. लग्न झाले, आडनाव बदलले, काही घरांत पाळण्यातले नावही बदलले, आणि पेटी मागे राहिली. भावाने धाब्याचे घर पाडून स्लॅबचे बांधायला काढले की ती पेटी कोणी उघडूनही बघत नाही. पुरुषांचे कागद निदान त्याच घरात राहतात. बाईचे दोन घरांच्या मध्ये हरवतात. म्हणून सुरुवात आईच्या वहीपासून व्हावी, असे आम्हाला ठामपणे वाटते.

आम्ही वहीबांधणीच्या आणि जुने फोटो-कागद सांभाळण्याच्या कामातली माणसे आहोत. या कामात समोर येणारे बरेचसे नुकसान उधईने किंवा पाण्याने झालेले नसते. ते प्रेमापोटी, पण चुकीच्या वस्तू वापरून झालेले असते.

त्यात पहिला क्रमांक लॅमिनेशनचा. जुना फोटो फाटू नये म्हणून तो झेरॉक्सच्या दुकानात नेऊन लॅमिनेट करतात. गरम रुळातून जाताना प्लॅस्टिक वितळून फोटोच्या थराला कायमचे चिकटते; पुढे ते वेगळे करता येत नाही. फोटोत मुळात थोडी ओल असेल तर ती आतच कोंडली जाते. सोनोग्राफीचा कागद तर कधीच लॅमिनेट करू नये. तो उष्णतेवर छापलेला असतो, म्हणजे त्यावर शाई नसतेच. उष्णता लागेल तिथे कागदच काळा होतो. मशीनमध्ये घातला की क्षणात सगळा काळा. त्याची त्याच दिवशी मोबाइलने नीट प्रत घ्यावी, स्टुडिओतून फोटोच्या कागदावर छापून आणावी आणि वहीत ती लावावी. यंत्रातून निघणारी एसटीची तिकिटे, एटीएमच्या चिठ्ठ्या, सिनेमाची अलीकडची तिकिटे हीही याच जातीची. खान्देशच्या उन्हाळ्यात बंद गाडीत किंवा पत्र्याखाली ठेवली की आधी करडी पडतात, मग कोरी होतात. मऊ प्लॅस्टिकच्या पाकिटात ठेवली तर आणखी लवकर, कारण प्लॅस्टिक मऊ राखणारे द्रव्य त्या छपाईला खाते. याउलट कंडक्टरच्या ट्रेमधली पंच केलेली जुनी रंगीत तिकिटे, रेल्वेची जाड पुठ्ठ्याची छोटी तिकिटे, नॅरोगेजवरच्या पाचोरा-जामनेर गाडीचे एखादे जपलेले तिकीट, ही खरी छापील असतात. ती मूळ स्वरूपात लावावीत.

दुसरे नुकसान चिकट पानांच्या अल्बमचे. जाड पान, त्यावर गोंदाच्या रेघा आणि वरून पारदर्शक प्लॅस्टिकचा पडदा, असे अल्बम ऐंशी-नव्वदच्या दशकात लग्नघरी भेट म्हणून सर्रास येत. तो गोंद आज पिवळा आणि कडक झालेला असतो आणि फोटोची पाठ त्यात रुतून बसलेली असते. असे फोटो सोडवण्याची एक रीत आहे, पण ती उन्हाळ्यात वापरू नये. मे महिन्यात गोंद चिकीसारखा ताणतो आणि फोटोबरोबर येतो. आखाजीला फक्त प्रत्येक पानाचा आहे तसा फोटो घेऊन ठेवा, म्हणजे कोणाशेजारी काय होते ते कळेल. फोटो सोडवणे मार्गशीर्ष-पौषातल्या थंड सकाळी करावे. प्लॅस्टिकचा पडदा हळूच बाजूला करा. बिनमेणाचा डेंटल फ्लॉस किंवा शिवणाचा पक्का नायलॉन दोरा दोन्ही हातांत ताणून फोटोच्या एका कोपऱ्याखाली घाला आणि करवतीसारखा मागे-पुढे सरकवत पलीकडे न्या. वाकवायचे ते अल्बमचे पान. फोटो सपाटच राहिला पाहिजे. फोटो वाकला की वरच्या थराला बारीक चिरा जातात आणि त्या पुन्हा बुजत नाहीत. दोरा अडला तर जोर करू नका. फोटोभोवतीचे पान कात्रीने कापून तो तुकडा तसाच ठेवा. केस वाळवायचे यंत्र काहीजण वापरतात; गोंद सैल होतो हे खरे, पण फोटोचा जिलेटिनचा थरही मऊ होतो आणि बोटाचा ठसा कायमचा उमटतो.

फ्रेमच्या काचेला चिकटलेला फोटो मात्र ओढूच नये. तो पावसाळी ओलीने फुगून काचेला धरलेला असतो, ओढला की चेहरा काचेवरच राहतो. फ्रेमचा मागचा पुठ्ठा काढा, काच आणि फोटो एकत्रच ठेवून काचेवरून फोटो घ्या. सकाळी उत्तरेच्या खिडकीजवळ, फ्लॅश न लावता, आणि काचेत आपलेच प्रतिबिंब येऊ नये म्हणून आपण आणि काच यांच्या मध्ये काळी चादर धरून, तिच्या फटीतून. सपाट स्कॅनर मिळाला तर उत्तमच. नेहमीच्या फोटोला ६०० डीपीआय (एका इंचात टिपले जाणारे ठिपके), पासपोर्ट आकाराच्या फोटोला १२०० पुरते. रंग आपोआप सुधारणारी सोय बंद ठेवा. आणि व्हॉट्सअॅपवर भावंडांना पाठवताना ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा. साधा फोटो म्हणून पाठवला की तो दाबला जातो आणि मोठी छपाई करता येत नाही.

आता वही. बाजारात मिळणारी काळ्या पानांची वही दिसते देखणी, पण तिचा कागद बहुधा आम्ल धरणारा असतो आणि काही वर्षांत फोटोच्या कडा पिवळ्या करतो. आम्लमुक्त लिहिलेला २०० ते २५० जीएसएमचा (म्हणजे चौरस मीटरला इतके ग्रॅम भरणारा) कागद घ्यावा, नाहीतर सुती लगद्याचा चांगला हातकागद. पान २५ बाय ३० सेंटिमीटरचे पुरे. पाने वीस-पंचवीस, त्याहून जास्त नकोत. सत्तर-ऐंशी वस्तूंची वही माणसे पुन्हा पुन्हा उघडतात, तीनशे फोटोंची कपाटात जाते. निवड करताना एका प्रसंगाचे दहा फोटो असतील तर एकच घ्या, बाकीचे पाकिटात.

कागद कापण्याआधी त्याचे तंतू कोणत्या दिशेला आहेत ते पाहावे. कागद न मोडता एकदा उभा, एकदा आडवा वाकवून बघा. ज्या बाजूने तो सहज वाकतो ती वळणाची रेघ तंतूंच्या दिशेची. ही दिशा वहीच्या पाठीशी समांतर हवी. उलटी पडली तर पावसाळ्यात पाने लाटांसारखी होतात आणि उलटताना ताठ उभी राहतात.

घरगुती वह्यांत सगळ्यात जास्त चुकते ती जागा म्हणजे पाठ. वीस पानांवर फोटो लागले की वही तोंडाकडे फुगते आणि पाठीकडे बारीकच राहते, जबडा उघडा पडतो, धूळ आत जाते, पाने पाठीपाशी फाटू लागतात. यावर बांधणीवाल्यांचा उपाय सोपा आहे. प्रत्येक पानासोबत पाठीत त्याच कागदाची अडीच सेंटिमीटर रुंदीची एक पट्टी घालायची. पानाच्या दोन्ही बाजूंना वस्तू असतील तर दोन पट्ट्या. फोटोची जाडी आणि पट्टीची जाडी जवळजवळ सारखी असते, म्हणून पाठ आणि तोंड बरोबरीने वाढतात. पानाला पाठीपासून तीन सेंटिमीटरवर बोथट सुरीने एक रेघ ओढून घडी पाडून ठेवावी, म्हणजे पान तिथूनच वळेल. पट्ट्या आणि पाने एकत्र धरून तीन भोके पाडावीत आणि पितळी किंवा स्टीलच्या बांधणीच्या स्क्रूने कसावीत. शिवलेल्या वहीपेक्षा स्क्रूची वही बरी, कारण चार वर्षांनी मावशीकडून एखादा फोटो आला तर पान मध्ये घालता येते. वरचा पुठ्ठा दोन मिलिमीटरचा, त्यावर बाइंडिंगचे कापड.

फोटोच्या पाठीला काहीही लावू नये. फेव्हिकॉलमधल्या पाण्याने फोटो कुरळा होतो आणि पुढे निघत नाही. सेलोटेपचा चिकटा कागदात मुरून तपकिरी डाग सोडतो. मैद्याची खळ कसरीला आवडते. बांधणीवाले तिच्यात मोरचूद घालतात, पण मोरचूद फोटोजवळ नको. उपाय म्हणजे कागदी कोपरे. दीड सेंटिमीटर रुंद आणि सहा सेंटिमीटर लांब पट्टी आडवी ठेवा, मधल्या बिंदूपासून दोन्ही टोके खाली दुमडा, वर टोकदार त्रिकोण होईल. खाली लोंबणारे शेपूट कापून टाका. दुमडलेल्या बाजूला गोंदाचा बारीक ठिपका देऊन कोपरा पानाला चिकटवा, रात्रभर वाळू द्या, मग फोटोचे चारही कोपरे त्यात सरकवा. फोटो हवा तेव्हा बाहेर येतो, पाठीवरचे लिखाण वाचता येते. एका पानावर दोन, फार तर तीन फोटो. समोरासमोरची दोन छायाचित्रे एकमेकांना घासू नयेत म्हणून मध्ये आम्लमुक्त पातळ कागद.

काही वस्तूंना वेगळी वागणूक लागते. लग्नपत्रिकेच्या कोपऱ्यांवरचे हळद-कुंकू मऊ कुंचल्याने झटकून, पत्रिका स्वतंत्र कागदी पाकिटात घालून लावावी. नाहीतर कुंकवाचा लाल रंग समोरच्या फोटोवर उतरतो. आंतरदेशीय पत्र घडीवरून फाटते, ते उलगडून सपाट ठेवावे. साडीच्या काठाचा किंवा गणवेशाच्या कापडाचा तुकडा चिकटवू नये, सुती दोऱ्याने पानाला चार टाके घालावेत. वहीत जपलेले मोरपीस कीड आणते. ते घट्ट बंद पिशवीत घालून फ्रीजच्या बर्फाच्या कप्प्यात दोन आठवडे ठेवावे, बाहेर काढल्यावर पूर्ण एक दिवस पिशवी उघडू नये, नाहीतर दव धरते. तरीही ते फोटोंपासून दूरच्या पानावर.

वर्तमानपत्राचे कात्रण हा आपल्याशी संबंधित मुद्दा. दहावीत तालुक्यात पहिली आल्याची बातमी, संघाचा फोटो, अशी कात्रणे बहुतेक पेट्यांत सापडतात, आणि त्यांच्यावर वर्तमानपत्राचे नाव व तारीख जवळजवळ कधीच नसते. कात्री चालवण्याआधी समासात दोन्ही लिहावे. वृत्तपत्राचा कागद स्वस्त लाकडी लगद्याचा असतो, तो स्वतः पिवळा होतो आणि शेजारच्या फोटोलाही पिवळा करतो. म्हणून वहीत चांगल्या कागदावरची झेरॉक्स लावावी, मूळ कात्रण वेगळ्या पाकिटात.

शाळा सोडल्याचा दाखला, जन्मदाखला, गुणपत्रिका, जातीचा दाखला यांची मूळ प्रत वहीत कधीही लावू नये. लग्नाआधीच्या नावाचा पुरावा म्हणून हे कागद बाईला आयुष्यभर लागतात. वहीत झेरॉक्स, मूळ प्रत घरच्या महत्त्वाच्या कागदांत, आणि ती सासरी सोबत नेलेली.

चौकट रंगवण्यापेक्षा, चकचकीत स्टिकर लावण्यापेक्षा वेळ लिहिण्याला द्यावा. नावाशिवायचा फोटो दोन पिढ्यांत अनोळखी माणसांचा फोटो होतो. प्रत्येकाखाली डावीकडून उजवीकडे नावे, गाव, साल, फोटो कोणी काढला, हे लिहावे. साल नक्की नसेल तर ‘अंदाजे १९८६, चाळीसगाव, कापसाच्या वेचणीच्या दिवसांत’ असेही चालते, पण अंदाज हा अंदाज म्हणूनच लिहावा. साल लावायला खुणा असतात: पाठीवरचा स्टुडिओचा शिक्का, नक्षीदार कापलेली पांढरी कड, कोणाचे दुधाचे दात पडलेले, अंगणातला निंब केवढा आहे. सत्तर-ऐंशीच्या दशकातले रंगीत फोटो लालसर झालेले दिसतात, कारण त्यांतला निळसर रंग अंधारातही आधी विझतो. त्यांची प्रत आधी घ्या, कृष्णधवल फोटो अजून टिकतील. फोटोच्या पाठीवर बॉलपेनने लिहिल्यास त्याचा वळ पुढून दिसतो. साध्या कागदावरच्या जुन्या फोटोला मऊ पेन्सिल, कडेला, हलक्या हाताने. प्लॅस्टिकचा थर असलेल्या फोटोवर पेन्सिल उमटत नाही. तिथे न पसरणाऱ्या पिगमेंट शाईचे पेन वापरून पुरते वाळू द्यावे.

आणि लिहायचे काय? ‘ते सोनेरी दिवस’ असे एकही वाक्य नको. शाळेत जायला किती चालावे लागे, डब्यात कळण्याची भाकरी असे की पोळी, पहिल्या पगारातून काय घेतले, वसतिगृहाच्या खोलीत किती जणी होत्या, कानबाई देवीच्या रोटाला (प्रसादाच्या जेवणाला) घरात किती माणसे जेवायला बसत, मांडे कोण करायचे आणि खापर कुठून आणले होते, आखाजीला झोक्यावर कोणते गाणे म्हणत. गाण्याचे शब्द पूर्ण लिहून घ्या आणि मोबाइलवर आवाजही टिपा. घरात अहिराणी बोलत असतील तर आजीने जसे सांगितले तसे लिहा; ‘बजारमा गयथू’ला प्रमाण मराठीत सुधारायला जाऊ नका. प्रश्न विचारताना फोटो हातात द्यावा. रिकाम्या हाती ‘सांगा ना काहीतरी’ म्हटले तर म्हातारी माणसे ‘काय सांगू, काही नाही’ म्हणतात. फोटो दिसला की ‘ही कोण, माहीत आहे का?’ पासून ओघ सुरू होतो.

प्रत्येकाचे लग्नाआधीचे आयुष्य सगळ्यांना दाखवण्यासारखे नसते. कोणाचे शिक्षण मध्येच सुटलेले असते, कोणाचा आधीचा संसार मोडलेला असतो, कोणाचे मूल राहिलेले नसते. त्या गोष्टी वगळू नयेत, त्यांच्यासाठी पाकिटाचे पान करावे आणि ते बंद ठेवावे. कधी उघडायचे ते तिने ठरवावे. मात्र कोणाशी वैर आले म्हणून समूहाच्या फोटोतून माणूस कापून काढू नये. बदामाच्या आकारात कापलेल्या फोटोतून नको असलेल्या माणसाबरोबर पाठीमागचे घर, विहीर, पाटीही जाते. दुसऱ्याने लिहिलेली पत्रे लावण्याआधी लिहिणाऱ्याला विचारावे.

ठेवण्याची जागा. माळा नको, पत्र्याखालची खोली नको, पश्चिमेच्या भिंतीला टेकलेले लोखंडी कपाट नको. दुपारी चारला त्या पत्र्याला हात लावून पाहा. घरातली सगळ्यात आतली खोली, कपाटाचा मधला कप्पा, भिंतीपासून चार बोटे अंतर. वही सुती कापडात गुंडाळावी. पोथ्या रुमालात बांधण्याची आपली जुनी रीत शास्त्राला धरूनच आहे: कापड धूळ अडवते, ओल थोडी शोषते आणि हवा खेळू देते. धुळ्यात राजवाडे संशोधन मंडळात आणि समर्थ वाग्देवता मंदिरात जुने कागद आणि हस्तलिखिते सांभाळलेली आहेत, इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी ज्या कागदांसाठी गावोगाव पायपीट केली ते मूळचे घरोघरच्या दप्तरांतलेच होते. डांबराच्या गोळ्या फोटोजवळ नकोत. निंबाचा पाला घालायचा तर सावलीत पूर्ण वाळवून, पुरचुंडीत. ओला पाला बुरशी आणतो. डबा हवाबंद असेल तरच सिलिका जेलचा उपयोग, आणि तेही नारिंगी घ्यावे, निळे घेऊ नये. मृग लागण्याआधी वही बांधून ठेवावी आणि दसऱ्यानंतर उघडून पाने मोकळी करावीत.

आता दोन विनंत्या. शाळांत मुलांना चिकटवही करायला सांगतात, तेव्हा दुकानातून तयार चित्रांचा कागद आणून फळे-फुले-वाहने कापून लावली जातात. खान्देशातल्या शिक्षकांनी यंदा सुट्टीचा अभ्यास म्हणून ‘आई शाळेत होती तेव्हा’ या विषयावर फक्त चार पाने करून घ्यावीत: एक फोटो, एक कागद, एक गाणे, एक पाककृती. आई नसलेल्या मुलाने आजी, मावशी, बाप, कोणाचीही करावी, आणि हे शिक्षकांनी आधीच सांगावे, म्हणजे मुलाला वेगळे विचारावे लागणार नाही.

दुसरी विनंती तालुक्याच्या सार्वजनिक ग्रंथालयांना. आखाजीच्या आठवड्यात एक सपाट स्कॅनर आणि तो चालवणारा एक माणूस रोज सकाळी दोन तास वाचनालयात बसवावा. माहेरवाशिणीने फोटो आणावेत, समोरच स्कॅन करून घ्यावेत, मूळ फोटो लगेच परत न्यावेत, प्रती तिच्या पेनड्राइव्हवर द्याव्यात. ग्रंथालयाने तिच्या लेखी परवानगीशिवाय एकही प्रत स्वतःकडे ठेवू नये. ज्या वाचनालयांची तयारी असेल त्यांची नावे व वेळा आपण आखाजीच्या आधी आपल्या जिल्हा पानावर छापाव्यात, ही विनंती.

आपले,
वहीबांधणी व जुने फोटो-कागद जतनाचे काम करणारे काही वाचक,
धुळे व जळगाव